मांजराला अचानक मेंदूचा त्रास : फिट, गोल गोल फिरणं, एका बाजूचं न दिसणं. माहिती आणि अनुभव हवेत

खिडकीतली_माऊ

नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखनाकडे बघू नका. आमचा बोका टिल्लू, वय ११, नसबंदी झालेली, कायम घरातच असतो, लसी सगळ्या वेळेवर. सकाळी नेहमीसारखा जेवला, दुपारी सोफ्यावरून उतरताना एकदम कोलमडला आणि उठला तो डावीकडेच गोल गोल फिरायला लागला, धरून थांबवलं तरी सोडल्यावर परत डावीकडेच. उजव्या बाजूने हात नेला तर त्याला कळतच नाही, त्या बाजूच्या भिंतीला घासत जातोय. संध्याकाळी तोंडाची उजवी बाजू फडफडायला लागली, लाळ गळली, मिनिटभरच असेल पण नंतर कितीतरी वेळ मला ओळखत नसल्यासारखा बघत होता.

क्लिनिकमध्ये फिट थांबवायचं इंजेक्शन दिलंय, रक्त घेतलंय, रिपोर्ट उद्या येतील. डॉक्टर म्हणाले मेंदूत काहीतरी झालंय, स्ट्रोक असेल नाहीतर गाठ, एमआरआयशिवाय सांगता येणार नाही, आणि वय बघता मनाची तयारी ठेवा. मनाची तयारी कशाची हे मी विचारलंच नाही, मला कळलं. कुणाच्या मांजराला असं अचानक झालंय का? यातून मांजर परत येतं का, एवढं सांगा.

दोनमांजरं_एककुत्रा

ताई, धीर धरा. आमच्या मनीला असंच एकाएकी झालं होतं, मान एकीकडे कलती, डोळ्यांची बुबुळं सारखी आडवी हलत होती, उभं राहिली की त्याच बाजूला पडायची, उलट्या. आम्हाला वाटलं लकवाच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या आतला तोल सांभाळणारा जो भाग असतो त्याचा त्रास आहे, वेस्टिब्युलर म्हणतात, कारण बऱ्याचदा सापडत नाही. दोन-तीन दिवसांत बुबुळं थांबली आणि काही आठवड्यांत पूर्ण बरी झाली, मान जराशी कलती राहिलीय फक्त. तुमचंही तेच असेल बघा.

चौपाई_डॉक्टर

मी छोट्या प्राण्यांचीच प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. टिल्लूला न तपासता निदान करत नाहीये, तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोग होईल म्हणून सांगतोय.

वर मनीचं जे वर्णन आहे ते तोलाच्या यंत्रणेचं. त्यात मांजर भेदरलेलं असतं पण शुद्धीत असतं, ओळख ठेवतं, पंजे व्यवस्थित टाकतं, आणि फिट येत नाही. टिल्लूचं चित्र वेगळं दिसतंय. डावीकडे गोल फिरणं, उजव्या बाजूचं भान नसणं, तोंडाच्या उजव्या बाजूला झटके, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बोट दाखवतात, मोठ्या मेंदूच्या डाव्या भागाकडे. मेंदूच्या ज्या बाजूला इजा त्या बाजूला मांजर वळत राहतं, आणि नजर, पंजे, झटके हे विरुद्ध बाजूचे बिघडतात. उद्या पुढचा उजवा पंजा अलगद उलटा करून जमिनीवर टेकवून बघायला सांगा, त्याने लगेच सरळ केला नाही तर हे आणखी पक्कं होतं.

कुठे बिघडलंय ते एक आणि कशाने बिघडलंय ते दुसरं. "कशाने"साठी मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते पुढच्या तासांत काय होतं याला. रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली तर त्रास मिनिटांत सुरू होतो, पहिल्या एक-दोन दिवसांत जे बिघडायचं ते बिघडतं आणि मग तिथेच थांबतं किंवा हळूहळू सुधारतं. विषबाधा तासातासाने चढत जाते. मेंदूची सूज, इन्फेक्शन, एफआयपी (मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणारा गंभीर आजार), ही बहुधा दिवसांमागून दिवस वाढत जातात. गाठ महिनोन् महिने गप्प असते, पण तिच्यात रक्तस्राव झाला की तीही एका दुपारीच उघडी पडू शकते, म्हणून फक्त "अचानक झालं" यावरून गाठ नाही असं म्हणता येत नाही. आणि गाठ निघाली तरी लगेच सगळं संपलं असं नसतं. मांजरांत मेंदूची सगळ्यात जास्त आढळणारी गाठ मेनिंजिओमा, ती मेंदूच्या आवरणातून वाढते, बऱ्याचदा पृष्ठभागाजवळ असते आणि ऑपरेशनने निघू शकते.

म्हणून आज रात्री कुठलाही शेवटचा निर्णय घेऊ नका. फिटवर फिट येत राहिली किंवा श्वास बिघडला तर गोष्ट वेगळी, नाहीतर पहिल्या दिवशीचं मांजर बघून पुढचं काही सांगता येत नाही.

आता मला तीन गोष्टी सांगा. बीपी मोजलं का? बुबुळं कशी आहेत, उजेडात बारीक होतात का मोठीच राहतात? आणि गेल्या काही आठवड्यांत पाणी जास्त पीत होता का, वजन उतरलंय का?

खिडकीतली_माऊ

डॉक्टर, खूप आभार. बीपी मोजलं नाही, तिथे मांजराचं बीपी मोजायची सोय नाही म्हणाले. बुबुळं मोठी आहेत, टॉर्च लावला तर थोडीशी बारीक होतात, पण पूर्वी अगदी रेघेसारखी व्हायची तशी नाही. पाणी... हो, तुम्ही विचारलंत म्हणून जाणवतंय, वाटी लवकर रिकामी होत होती आणि लिटरमधले, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूतले, लघवीचे गोळे मोठे यायला लागले होते. उन्हाळा आहे म्हणून असेल असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

चौपाई_डॉक्टर

मग उद्या सकाळी जिथे बीपी मोजतात तिथे न्या, एमआरआयच्या आधी. म्हाताऱ्या मांजरात किडनी हळूहळू थकते किंवा थायरॉइड जास्त चालायला लागतो आणि बीपी चढतं, बाहेरून काही कळत नाही. मग एक दिवस ते डोळ्यावर नाहीतर मेंदूवर फुटतं. डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होतं, किंवा मेंदूला सूज येऊन, रक्तस्राव होऊन फिट, गोल फिरणं, झोकांड्या जाणं. मांजराचं वरचं बीपी १४० च्या आत असावं, १६० च्या वर गेलं तर उपचार लागतात, १८० आणि त्यावर म्हणजे डोळे, मेंदू, किडनी, हृदय यांना नुकसान व्हायचा धोका खूप जास्त. रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टी४ आणि साखर आहे का ते बघा, नसेल तर त्याच रक्तावर करायला सांगा. लघवीही तपासायला हवी.

रात्रीसाठी : उंच जागा, जिना, पाण्याची बादली यांपासून लांब ठेवा, अंधारा शांत कोपरा द्या. फिट आली तर तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही, जीभ गिळली जात नाही, चावा मात्र कडकडून बसतो. फोनवर व्हिडिओ घ्या आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर चालली, किंवा २४ तासांत पुन्हा आली, तर ती इमर्जन्सी, रात्र असली तरी निघायचं.

रानवाट

मी थोडं कठोर लिहिणार आहे, राग मानू नका. अकरा वर्षांचं मांजर, फिट येतायत, दिसत नाही. आपण आपल्यासाठी ओढून धरतो आणि त्या जीवाचे हाल होतात. मी माझ्या मांजराच्या बाबतीत हे पाहिलंय. शांतपणे झोपवणं हीसुद्धा मायाच आहे.

दोनमांजरं_एककुत्रा

रानवाट, तुमचं दुःख समजतंय, पण ताईंना अजून कारणच माहीत नाही. कारण कळल्यावर तो निर्णय घेता येतो, आधी नाही.

चौपाई_डॉक्टर

रानवाट यांचं म्हणणं मी नाकारत नाही, काही आजारांत मी स्वतः तोच सल्ला देतो. पण अचानक आलेल्या मेंदूच्या त्रासात परत फिरणारी कारणं इतकी आहेत की ती तपासल्याशिवाय तिथपर्यंत जाणं मला पटत नाही. बी१ व्हिटॅमिनची कमतरता घ्या. सतत कच्चे मासे खाणाऱ्या मांजरात, किंवा सल्फर डायऑक्साइड घालून टिकवलेलं मांस खाणाऱ्यात होते, कारण काही माशांतलं एन्झाइम आणि तो वायू दोन्ही बी१ नष्ट करतात. मांजराची मान खाली छातीकडे लोंबते, बुबुळं मोठी होतात, झोकांड्या, मग फिट. वेळेत बी१ चं इंजेक्शन मिळालं की एक-दोन दिवसांत फरक दिसायला लागतो. इन्शुलिनवर असलेल्या मांजराची साखर उतरली तरी फिट येते, तिथे हिरड्यांना साखरेचं पाणी किंवा मध चोळून तसंच दवाखाना गाठायचा. यातलं कुठलंही मांजर पहिल्या तासात बघितलं तर ते वाचणार नाही असंच वाटतं.

पाऊलखुणा

विषबाधेचं मला सांगायचंय, कारण हे लोकांना खरंच माहीत नसतं. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब येतात त्यातल्या कितीतरींमध्ये पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला चालतं, मांजराचं लिव्हर ते पचवूच शकत नाही. माझ्या बहिणीच्या मांजराला कुणीतरी ते टाकलं, काही तासांत कान फडफडायला लागले, मग अंगभर थरथर, मग फिट. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की तो भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, गरम पाणी नको कारण त्वचेतून आणखी शोषलं जातं, आणि धुवून लगेच घेऊन या. स्नायू सैल करणारं औषध, सलाइन, दोन-तीन दिवस ॲडमिट, आणि वाचलं. ज्यांच्या घरी कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत त्यांनी कुत्र्याला थेंब टाकल्यावरही दोघांना वेगळं ठेवा, मांजर त्याला चाटतं, त्याच्या कुशीत झोपतं.

चौपाई_डॉक्टर

पाऊलखुणा, हे लिहिलंत फार बरं केलंत. त्यालाच जोडून, मांजर थरथरतंय, अंग तापलंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरात ती रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच घालवते, एक गोळीही जीव घेऊ शकते.

खिडकीतली_माऊ

अपडेट. बीपी २१५!! तीन जणांनी बघून खात्री केली. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, लघवी पातळ, टी४ नॉर्मल, साखर नॉर्मल. डोळ्यात बघितलं तर उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, पडदा सुटलेला नाही. उजवा पंजा उलटा ठेवला तर तसाच ठेवून बसतो, तुम्ही म्हणालात तसंच. किडनीमुळे बीपी आणि बीपीमुळे मेंदूत रक्तस्राव किंवा सूज असं त्यांचं मत. बीपीचं औषध ॲम्लोडिपिन सुरू केलंय, ॲडमिट आहे, रात्रीत फिट आली नाही. एमआरआयला भूल द्यावी लागते आणि आत्ता बीपी इतकं असताना ती नको म्हणाले.

मला एक विचारायचंय, दवाखान्यात घाबरूनच तर इतकं आलं नसेल ना?

चौपाई_डॉक्टर

घाबरल्याने बीपी चढतं, काही मांजरांत बरंच चढतं. म्हणून मोजायची पद्धत असते. शांत खोलीत, कुत्र्यांचा आवाज नाही, मांजराला ५-१० मिनिटं स्थिर होऊ द्यायचं, मालकाने जवळ बसायचं, पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधायचा. पहिलं रीडिंग सोडून द्यायचं आणि नंतरच्या ५-७ रीडिंगची सरासरी धरायची. एकट्या आकड्यावर मीही पटकन विश्वास ठेवत नाही. पण टिल्लूच्या पडद्यावर रक्त आहे, मेंदूची लक्षणं आहेत, किडनी बिघडलेली आहे. इथे आकडा घाबरण्याचा नाही. एमआरआय थांबवला हेही मला योग्य वाटतं.

डोस मी इथे लिहिणार नाही, कुणीतरी वाचून स्वतःच देतं. एवढंच सांगतो की बीपी एका झटक्यात खाली आणायचं नसतं, पुढच्या आठवडा-दहा दिवसांत पुन्हा मोजून डोस ठरवतात, आणि १६० च्या खाली आणणं हे लक्ष्य.

मैलोगणती

मी उत्तर अमेरिकेत राहते, म्हणून इथलं एक कारण नोंदवून ठेवते, इकडच्या कुणाला उपयोग होईल. इथे क्युटेरेब्रा नावाची माशी आहे, तिची अळी ससे-उंदरांच्या बिळांपाशी असते. बाहेर फिरणारं मांजर तिथे नाक खुपसतं, अळी नाकातून शिरते आणि क्वचित मेंदूपर्यंत पोचते. तिच्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूच्या एका बाजूचा भाग रक्ताविना मरतो. याला फिलाइन इस्केमिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. लक्षणं टिल्लूसारखीच, एका बाजूला गोल फिरणं, फिट, आंधळेपणा, स्वभाव बदलून एकदम चिडकं होणं. जवळजवळ सगळ्या केसेस उन्हाळ्यात, आणि आधी काही दिवस शिंका, नाक गळणं झालेलं असतं. आमच्या शेजारच्या मांजराला झालं, ते जगलं, फिटची गोळी मात्र चालू आहे. जिथे ती माशीच नाही तिथे हा आजारही नाही, आणि घरातच राहणाऱ्या मांजरात याची शक्यता नसल्यात जमा.

सावळी

आमच्याकडे तरुण मांजर आहे, अजून दोन वर्षांचंही नाही, आठवडाभर सुस्त, ताप येतो-जातो, आता मागचे पाय डगमगतायत आणि एका डोळ्याचा रंग बदललाय. बीपीचं कारण असेल का?

चौपाई_डॉक्टर

सावळी, या वयात मी बीपीच्या आधी एफआयपीचा विचार करेन, आणि टोक्सोप्लाझ्मोसिसचा, म्हणजे एका सूक्ष्म परजीवीच्या इन्फेक्शनचा. ताप, डोळ्यात बदल आणि तोल जाणं एकत्र आलं तर थांबू नका. एफआयपी म्हणजे पूर्वी मरणच होतं. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ या औषधाचा अभ्यास छापला, ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ बरी राहिली. साधारण १२ आठवडे औषध चालतं. आजार मेंदूत किंवा डोळ्यात असेल तर डोस जास्त लागतो, म्हणून डॉक्टरांना डोळ्याचं आणि चालण्याचं आवर्जून सांगा, नाहीतर कमी डोसवर सुरू होतं.

आणि एक विनंती. तपासण्या व्हायच्या आधी कुणी "मेंदूला सूज असेल" म्हणून स्टेरॉइड द्यायला निघालं तर थोडं थांबून विचारा. जीव धोक्यात असेल तर द्यावंच लागतं. पण लिम्फोमासारखा कॅन्सर स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो आणि मग एमआरआयमध्ये, पाठीच्या मणक्यातून तपासायला काढलेल्या पाण्यात काही सापडत नाही.

पाऊलखुणा

रेबीजबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. लस नसलेलं, बाहेर फिरणारं मांजर एकदम चिडकं झालं, अंगावर आलं, किंवा लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, झोकांड्या जातायत, तर उघड्या हाताने धरू नका. चावलं, ओरखडलं तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे. मांजरावर १० दिवस नजर ठेवतात, पण आपली लस त्यासाठी थांबवायची नाही. लक्षणं सुरू झाल्यावर माणसाला वाचवणं जवळपास अशक्य असतं.

झोपाळू_बोका

माझा प्रश्न वेगळाच आहे. आमच्या १५ वर्षांच्या मांजरीला चमचा वाटीवर आपटला किंवा फॉइल चुरगळली की अंगाला झटका बसतो, एकदा पूर्ण फिट आली. हा योगायोग आहे का?

चौपाई_डॉक्टर

योगायोग नाही. आवाजाने येणाऱ्या फिट्स मांजरात असतात, २०१५ साली त्यावर ९६ मांजरांचा अभ्यास आला होता. बहुतेक म्हातारी मांजरं, आणि आवाज असेच, फॉइल, धातूवर चमचा, नाणी, किल्ल्या. आवाज टाळा, व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, यावर लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध बरं चालतं. तुमच्या मांजरीचंही बीपी मोजून घ्या मात्र.

खिडकीतली_माऊ

टिल्लू घरी आलाय! बीपी १५० च्या आसपास आहे. गोल फिरणं खूप कमी झालंय, थकला की फिरतो. पण जेवताना वाटीतलं अर्धंच खातो आणि निघून जातो, भूक नाहीये का? न जेवण्याची मला फार भीती वाटतेय.

मैलोगणती

वाटी अर्धी फिरवून बघा. शेजारच्या मांजराचं असंच होतं, वाटीतली एक बाजू त्याला दिसायचीच नाही.

खिडकीतली_माऊ

मैलोगणती ताई, फिरवली आणि सगळं खाल्लं!! मी इथे बसून रडतेय. उजवीकडचं जेवण त्याच्यासाठी नव्हतंच तिथे.

चौपाई_डॉक्टर

उत्तम सुचवलंत. माऊताई, न जेवण्याची भीती रास्त आहे, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं, म्हणून रोज किती खाल्लं ते लिहीत जा. लघवी रोज होतेय ना तेही. लिटर बॉक्सची कड बुटकी ठेवा आणि सामान हलवू नका, पाठ झालेल्या वाटेवर तो न दिसताही चालेल. उचलायचं झालं तर डाव्या बाजूने जा, आधी आवाज द्या, उजवीकडून एकदम हात आला तर दचकेल.

फिटचं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका, अचानक बंद केल्याने आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकते. आणि कुणी घरी द्यायला रोज डायझेपामची गोळी सुचवली तर पुन्हा विचारा, तोंडाने दिलेल्या डायझेपामने काही मांजरांचं लिव्हर एकदम निकामी होतं. पोटॅशियम ब्रोमाइड कुत्र्यांत वापरतात, मांजरांच्या फुप्फुसाला त्रास देतं. फेनोबार्बिटॉल हे मांजरांत नेहमीचं, त्याची रक्तातली पातळी मधूनमधून तपासावी लागते.

रानवाट

टिल्लूचं वाचून खूप बरं वाटलं. माझ्या मांजराच्या वेळी बीपी हा शब्दही कुणी काढला नव्हता.

खिडकीतली_माऊ

रानवाट, तुम्ही त्याच्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते केलंत. तुमच्या प्रतिसादाचा मला राग आला नव्हता.

उजवीकडचं अजून पूर्ण दिसत नाही, पण पंजा आता सरळ टाकतो, आणि काल सोफ्यावर स्वतः चढला. किडनीचं वेगळं खाणं सुरू केलंय, नखरे करतोय पण खातोय.

झोपाळू_बोका

आमच्या मांजरीचं बीपी १७२ निघालं. गोळी सुरू झाली. डॉक्टर, बाकी धडधाकट मांजराचं बीपी कधीपासून मोजावं? आमचं दुसरं सात वर्षांचं आहे.

चौपाई_डॉक्टर

सात झालं की वर्षातून एकदा, अकराच्या पुढे सहा महिन्यांनी मोजलेलं चांगलं. लसीच्या वेळीच मोजून घ्या, टोचायच्या आधी, म्हणजे आकडा खरा येतो. आणि तुमच्या मांजरीचं पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा, किडनी आणि टी४ राहिले असतील तर तेही त्याच वेळी.